घड्याळांच्या पेटीतला चाकू

थांबा, थांबा, पान उलटू नका! मी बोलतोय. मी म्हणजे घडीचा चाकू. चाकू म्हटल्याबरोबर मागे सरकलात ना? सगळ्यांचं असंच होतं. अहो, मी कुणाच्या पोटात खुपसायचा नव्हे, खिशात ठेवायचा चाकू आहे. सफरचंद कापतो, सुतळी तोडतो, पेन्सिलीला टोक काढतो. आणि आज मला इतकं काही सांगायचंय, की मिटून बसवतच नाहीये. तेव्हा बसा आणि ऐका.

माझा जन्म एका अरुंद गल्लीतल्या भट्टीपुढे झाला. मला घडवणारा कारागीर माणसांशी कमी बोलायचा आणि शिव्या भरपूर द्यायचा. त्याही कुणाला, तर पोलादाला! "सरळ हो की रे गाढवा!" असं म्हणत तो मला ठोकायचा. राग यायचा, पण खरं सांगतो, त्याच्याइतकं प्रेम माझ्यावर पुढे फार थोड्यांनी केलं. त्याने मला काळ्या लाकडाची मूठ दिली, दोन्ही टोकांना पितळ बसवलं, पात्यावर नख अडकवायला खाच पाडली. आणि माझा आवाज! उघडताना खट्, मिटताना टक्. तो आवाज मनासारखा जमेपर्यंत त्याने माझी स्प्रिंग पुन्हा पुन्हा काढून घासली. मी साध्या पोलादाचा आहे. पुसला नाही तर काळा पडतो, तेल दिलं नाही तर गंजतो. लाड करावे लागतात माझे, त्याला माझा इलाज नाही.

मला पहिल्यांदा हातात घेतलं ते माझ्या मालकिणीने. तिची रोपवाटिका आहे. गुलाबाच्या फांदीवर डोळा भरायचा, म्हणजे साल उचलून दुसऱ्या झाडाचा कोंब बसवायचा, तर पातं असं हवं की साल निघेल पण आतला गाभा दुखावणार नाही. तिने मला अंगठ्यावर हलकेच फिरवून पाहिलं, एकदा उघडलं, एकदा मिटलं आणि म्हणाली, "हाच!" त्या एका शब्दावर मी तिचा झालो.

पुढे काय झालं कोण जाणे, बाईला चाकूंचं वेडच लागलं. शिंगाच्या मुठीचे, हाडाच्या मुठीचे, दोन पात्यांचे, एक तर माशाच्या आकाराचा, असे एकेक करत आम्ही डझनावारी झालो. शेजारणी दागिने दाखवायच्या, तेव्हा ही आम्हाला ओट्यावर मांडून बसायची. पाहुण्यांची तोंडं तेव्हा बघण्यासारखी व्हायची.

तिचा नवरा काही कमी नव्हता. त्याची बेकरी आहे, पण अख्खी गल्ली त्याला 'टिकटिक' म्हणते, कारण त्याला मनगटी घड्याळांचं खूळ. जुनी, किल्लीची, चौकोनी, गोल, रात्री चमकणाऱ्या काट्यांची. या जातीची एक गंमत मी पाहिली आहे. घड्याळवेड्याला किती वाजले विचारा. तो मनगट वर करेल, घड्याळाकडे प्रेमाने बघेल, हसेल आणि हात खाली घेईल. मग तुम्ही पुन्हा विचारा, त्याला पुन्हा बघावं लागतं! वेळ बघायची राहूनच गेलेली असते.

या नवरा-बायकोचा सकाळचा एक रिवाज होता. पाव भट्टीतून निघाले की दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायची. तो घड्याळांना किल्ली द्यायचा, ती आम्हाला पुसायची. मग त्याने आज कुठलं घड्याळ बांधायचं ते तिने ठरवायचं आणि तिने कुठला चाकू खिशात टाकायचा ते त्याने.

"आज काळी तबकडी बांधा. पिठाचे हात लागले तरी शोभतात," ती म्हणायची.

"मग तू हा घे, पितळवाला. तुला आज कलमं करायची आहेत ना?"

पितळवाला म्हणजे मी! माझं नाव निघालं की मला असा काही चेव यायचा, की मिटून राहवत नसे. ती मला एप्रनच्या खिशात टाकायची आणि दिवस सुरू व्हायचा.

आता ज्या घड्याळापायी एवढं रामायण झालं, त्याच्याकडे येतो. ते मालकिणीच्या वडिलांचं. त्यांना सगळे भोंगाबाबा म्हणतात. आयुष्यभर त्यांनी कारखान्याचा भोंगा वाजवला. मनगटावरचं हे घड्याळ बघायचं आणि साखळी ओढायची. त्या भोंग्यावर कामगार आत जायचे, बायका चुलीवरचं उतरवायच्या, शाळेतली पोरं दप्तरं आवरायची. पांढरी तबकडी, बारीक निळे काटे, रोज किल्ली द्यायची. निवृत्त झाल्यावर त्यांनी ते जावयाच्या हातात ठेवलं आणि म्हणाले, "हे घड्याळ कधी खोटं बोललेलं नाही. सांभाळा."

मालकीण शेजारीच उभी होती. तिने खिशात हात घातला आणि मला घट्ट धरलं. मला वाटलं आता काहीतरी कापणार, पण कापायचं काहीच नव्हतं. नुसतीच धरून उभी राहिली.

सासऱ्यांनी आपल्याला एकदा शाब्बास म्हणावं, ही टिकटिकची फार दिवसांची इच्छा. पाव खाऊन ते म्हणायचे, "भाजलाय." बस्स. घड्याळ दिलं तेव्हा त्याला आभाळ ठेंगणं झालं. रोज ते घड्याळ तो रेडिओशी ताडून बघायचा आणि मान डोलवायचा.

मग गावातल्या वाचनालयाच्या सभागृहात छंदांचं प्रदर्शन भरणार असं कळलं. नाणी, काडेपेट्या, शंखशिंपले आणि आमच्या घरून चक्क घड्याळं आणि चाकू, एकाच टेबलावर! भोंगाबाबाही येणार होते. घरात नुसती धांदल उडाली. टिकटिक गुपचूप परसात जाऊन ठोकाठोक करत होता. मालकीण विचारी, तर म्हणे, "तू तिकडे बघू नकोस!"

शेवटी त्याने एक लाकडी पेटी आणून टेबलावर ठेवली आणि झाकण उघडलं. खाली गादीवर घड्याळांची रांग. आणि झाकणाच्या आतल्या अंगाला एक काळी, लांब पट्टी. तो आमच्यातला एकेक उचलायचा आणि पट्टीला लावायचा. चट्! चट्! आम्ही आपोआप चिकटत होतो. ना खिळा, ना दोरी.

"जुन्या स्पीकरांतली लोहचुंबकं काढून केलीय," तो फुशारून म्हणाला. "तुझे चाकू नेहमी पत्र्याच्या डब्यात एकमेकांवर पडलेले असतात. म्हटलं, त्यांनाही मानाने उभं राहू दे की."

मालकिणीचे डोळे भरून आले. माझंही पोलाद विरघळायचं बाकी राहिलं होतं. मी बरोबर मधोमध, आणि खाली समोरच ते निळ्या काट्यांचं घड्याळ! एका पेटीत राहायला मिळालं आम्हाला. हरखून गेलो होतो मी.

आणि दुसऱ्या दिवसापासून घड्याळं पळायला लागली.

पळायला म्हणजे अक्षरशः. सकाळी लावलेलं घड्याळ दुपारपर्यंत पार पुढे. टिकटिक पाव पोचवायला गेला तर दुकानं उघडलेलीच नाहीत. दाताच्या डॉक्टरकडे गेला तर तिथे झाडलोट चाललेली. तो आधी हसला, मग त्याच्या तोंडचं पाणी पळालं. कारण सगळ्यांत जोरात पळत होतं ते भोंगाबाबांचं घड्याळ. कधीही खोटं न बोललेलं! आणि प्रदर्शन तोंडावर आलेलं.

"मी काय तोंड दाखवू बाबांना?" तो डोकं धरून म्हणाला. "इतकी वर्षं त्यांच्याकडे नीट चाललं आणि माझ्याकडे येऊन बिघडलं."

"अहो, बिघडतं एखादं घड्याळ."

"एखादं? सगळीच! पेटीत ठेवल्यापासून." तो पेटीभोवती फिरला, वास घेतला आणि एकदम थबकला. "तेल! तुझ्या चाकूंना तू तेल लावतेस ना? बंद पेटीत त्या तेलाची वाफ धरते आणि ती घड्याळांत शिरतेय."

मी उभ्या उभ्या गार पडलो. अरे बाबा, तेल नव्हे! मला कळत होतं काय झालंय ते. माझ्या अंगात काहीतरी नवीन शिरलं होतं. मालकीण मला टेबलावर ठेवून वळली की शेजारची टाचणी सरपटत माझ्याकडे यायची. मी ओरडत होतो, "झाकण बघ, झाकण!" पण आमची भाषा खट् आणि टक्, एवढीच. ती कोण ऐकणार?

त्याची चूक कुठे झाली, सांगतो. चुंबकाचं आणि घड्याळाचं वैर आहे, आतली स्प्रिंग आखडते आणि काटे धावत सुटतात, हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं असं नाही. त्याने घड्याळांपासून पट्टीपर्यंत अंतरही मोजलं होतं, चांगलं हातभर. पण मोजलं ते झाकण उघडं ठेवून! कारण तो मनात बघत होता प्रदर्शनातलं टेबल, उघडी पेटी आणि बायकोचा चेहरा. झाकण मिटलं की तीच पट्टी घड्याळांच्या डोक्यावर येऊन टेकते, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

प्रदर्शनाच्या सकाळी त्याने आम्हाला पट्टीवरून काढलं आणि पुन्हा पत्र्याच्या डब्यात टाकलं. डबा सोबत घेतला, पण टेबलाखाली ठेवायला. टेबलावर फक्त घड्याळं. मालकिणीने आपल्या हाताने डब्याचं झाकण लावलं. ती रुसली असती, भांडली असती, तर मला बरं वाटलं असतं.

सभागृहात ही गर्दी! शेजारच्या टेबलावर मिशीवाले उभे होते. हे चाकूंचे बडे शौकीन. त्यांच्याकडे काचेच्या कपाटात शेकडो चाकू, सगळे मेणकागदात गुंडाळलेले. एकही कधी उघडत नाहीत, कारण उघडला की म्हणे मोल कमी होतं. मला घडवणारा कारागीर वारला, त्याचे चाकू दुर्मिळ झाले आणि तेव्हापासून मिशीवाले माझ्या मागे लागले होते.

डबा टेबलाखाली बघून त्यांनी लगेच हेरलं. "वहिनी, तो पितळवाला असा डब्यातच ठेवायचा असेल तर मला द्या की. बदल्यात ही काचेची मांडणी घ्या. घड्याळांना शोभेल."

टिकटिकने बायकोकडे बघितलं. "देऊन टाकू या का? नाहीतरी आता तेलाचं काही घड्याळांजवळ ठेवायचं नाही, असं मी ठरवलंय. तू म्हणशील तसं."

मालकिणीने मला डब्यातून काढलं. पदराने पुसलं. "बाबांचं घड्याळ त्याने नीट चालणार असेल," ती म्हणाली, "तर द्या."

संपलं! मेणकागद आणि काच. पुन्हा फांदी नाही, सुतळी नाही, सफरचंद नाही. जीव नसलेल्याचा जीव जातो कसा, ते मला त्या क्षणी कळलं.

मिशीवाल्यांनी मला हातात घेतलं. स्वतःचे उघडत नसला तरी दुसऱ्याचा चाकू उघडून बघितल्याशिवाय शौकीन माणूस कसा राहील? खट्! मी उघडलो. आणि टेबलावर चिठ्ठ्या टाचायला ठेवलेल्या टाचण्यांच्या वाटीवरून त्यांनी मला फिरवलं.

सर्रकन साऱ्या टाचण्या मला येऊन चिकटल्या! पात्याला अशा दाढीमिशा फुटल्या, की मिशीवाल्यांनाही लाज वाटावी.

"हा चाकू आहे की लोहचुंबक?" ते किंचाळले. "छे, छे! खराब माल दिसतोय. ठेवा तुमच्याकडेच." आणि त्यांनी मला टेबलावर आदळलं. आयुष्यात कुणी इतका अपमान केला नव्हता आणि कुठल्या अपमानाने मला इतका आनंद झाला नव्हता!

मालकीण माझ्याकडे टक लावून बघत राहिली. मग पेटीकडे. तिने पेटीचं झाकण हळूच मिटलं, पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. तिचा चेहरा उजळत गेला.

"अहो! तेल नाही हो! झाकण मिटल्यावर तुमची पट्टी कुठे येते, बघा तरी!"

टिकटिकने बघितलं. त्याचे डोळे पांढरे झाले. कपाळावर हात मारून तो खुर्चीत बसला. "मी... मीच केलं हे? तुझ्या चाकूंना दोष दिला आणि..."

आणि नेमके त्याच वेळी भोंगाबाबा दारातून आत आले. काठी टेकत थेट आमच्या टेबलाशी. आपलं घड्याळ त्यांनी उचललं, कानाला लावलं. नुसतं ऐकूनच त्यांच्या भुवया जवळ आल्या.

"पळतंय हे."

टिकटिक उभा राहिला. त्याला म्हणता आलं असतं, जुनं झालंय, चालायचंच. पण त्याने मान खाली घातली आणि सगळं सांगितलं. पट्टी, झाकण, अंतर, तेलाची वेडी शंका. "बाबा, चूक माझी. चाकूंची नाही, घड्याळाची तर नाहीच नाही."

"आणि चूक ओळखली कुणी?"

"हिने."

म्हातारा लेकीकडे वळला. "तुला कसं गं कळलं?"

"माझा चाकू असा नव्हता, बाबा. रोज हातात असतो. त्याला काय झालंय ते मला कळायलाच हवं."

पलीकडच्या कोपऱ्यात घड्याळजींनी आपलं टेबल मांडलं होतं. त्यांच्याकडे चुंबक उतरवायची एक छोटी डबी होती. मधोमध भोक, बाजूला बटण. भोंगाबाबांना मात्र धीर नव्हता. "आधी उघडून आतली स्प्रिंग बघू. मी याचं झाकण नेहमी चाकूनेच उघडायचो. आण तो इकडे!" म्हणत त्यांनी मलाच उचललं.

"बाबा, थांबा!" मालकीण ओरडली. "त्याच्याही अंगातून आधी उतरवा. नाहीतर हाच पुन्हा घड्याळाला बाधेल."

मग घड्याळजींनी आम्हा दोघांना पाठोपाठ त्या डबीतून काढलं. आधी घड्याळ, मग मी. बटण दाबलं, एक गुणगुण झाली, अंगातून मुंग्या निघून गेल्यासारखं वाटलं. माझ्या टाचण्या टपाटप गळून पडल्या. केवढं हलकं वाटलं म्हणून सांगू!

मग भोंगाबाबांनी माझं पातं घड्याळाच्या मागच्या झाकणाच्या कडेला लावलं. मला धाप लागली होती. इतके दिवस जे समोरून नुसतं बघत होतो, त्याला आता हात लावायचा, आणि जरा घसरलो तर कायमचा ओरखडा! पण म्हाताऱ्याने मला मागे घेतलं. त्यांनी मला लेकीपुढे धरलं. "तू कर. तुझा हात बसलाय यावर."

तिने गुलाबाची साल उचलावी तसं अलगद मला सरकवलं. टप्! झाकण निघालं. आत केसाहून बारीक स्प्रिंग एका लयीत फुलत होती, मिटत होती. अहाहा! मी कितीतरी गोष्टी कापल्या, पण कधी कुणाचं काळीज पाहिलं नव्हतं. ते मी त्या दिवशी पाहिलं.

झाकण पुन्हा बसलं. बाबांनी काटे लावले. टिकटिकने पट्टा बांधून घ्यायला मनगट पुढे केलं. पण म्हाताऱ्याने त्याचा हात हळूच बाजूला केला आणि लेकीचं मनगट धरलं.

"मी घड्याळ द्यायला निघालो तेव्हा घरात जावई दिसला, लेक दिसली नाही," ते पट्टा बांधत म्हणाले. "तुला चाकूंचं वेड, घड्याळाशी तुला काय करायचंय, असं माझं मीच ठरवून टाकलं. तुला विचारलंसुद्धा नाही गं मी."

मालकिणीने बापाच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि भर सभागृहात रडली. पट्टा सैल होत होता, तेव्हा टिकटिकनेच पुढे होऊन एक भोक आत घेतलं. मग सासरे त्याच्याकडे वळले.

"जावईबापू, खरं बोललात. शाब्बास."

आली ती शाब्बासकी! टिकटिक लहान पोरासारखा लाजला. एवढ्यात मिशीवाले मधे आले. "मग आता तो चाकू बरा झाला ना? आपलं ठरलंच होतं..."

"नाही," टिकटिक म्हणाला. "तो घरचा आहे."

मग तो बायकोला म्हणाला, "तुझी माफी मागतो."

"माझी कशाला? ज्याच्यावर आळ घेतलात त्याची मागा."

लोक बघत होते. घड्याळजी बघत होते. मिशीवाले तर आ वासून बघत होते. आणि त्या बेकरीवाल्याने मला दोन्ही हातांत घेतलं आणि स्पष्ट, मोठ्याने म्हणाला, "चुकलो रे बाबा." चाकूची कुणी जाहीर माफी मागितल्याचं तुम्ही ऐकलंय? मीही नव्हतं ऐकलं.

चुंबकाची पट्टी आता बेकरीत लागली आहे. तिथे चिमटे आणि उलथणी चिकटतात, कुणाचं काही बिघडत नाही. पेटीत आम्हाला लाकडी खाचा मिळाल्या आहेत. पण मी पेटीत फारसा नसतोच. मालकीण घड्याळ बांधते म्हटल्यावर तिनेच मला नवऱ्याच्या हाती दिलं. "हातात राहिला तरच त्याला ओळखाल," म्हणाली. आता मी टिकटिकच्या खिशात असतो. त्याला धड उघडता येत नव्हतं, दोनदा बोट कापून घेतलं. रोज पिठाच्या गोण्यांची शिवण उसवतो मी. अंगभर पीठ, पितळावर ओरखडे, पातं काळवंडलेलं. मिशीवाल्यांना विचाराल तर माझं मोल मातीमोल झालंय.

तेव्हा एक विनवणी आहे, ऐकाच. तुमच्याही घरात कुठल्यातरी कपाटात एखादं घड्याळ बंद पडून असेल, एखादा चाकू मिटून पडला असेल, एखादं माणूससुद्धा असेल, ज्याला अजून कुणी काही विचारलेलं नाही. काढा बाहेर. घड्याळाला किल्ली द्या, चाकूला हात लावा, माणसाला विचारा. आजच!

चला, येतो मी. मालक खिसा चाचपतोय. गोणी आलेली दिसते. खट्!